ही हरकत दाखल करून घेता येत नाही

महाराष्ट्रातील मराठी दैनिकांच्या व वृत्तवाहिन्यांच्या संपादक महोदय-महोदयांस,



समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर खुले पत्र लिहावयाचे तर ते सरकारास किंवा न्यायमूर्तींस उद्देशून लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु त्या प्रश्नावरील कोणता शब्द घरोघर पोचावा आणि कोणता न्यायालयाच्या दप्तरातच पडून राहावा याचा निवाडा रोज सायंकाळी आपल्या मेजावर होत असल्यामुळे, तो निवाडा करणाऱ्यांशीच चार गोष्टी बोलणे मला अधिक प्रस्तुत वाटले. मी दुय्यम निबंधक कार्यालयातून सेवानिवृत्त झालेला इसम आहे. नोकरीच्या उत्तरार्धात विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये विवाह अधिकारी म्हणून काम पाहण्याचा योग आला, आणि त्यामुळे लग्न या विषयाकडे नोंदवहीच्या रकान्यांतून पाहण्याची एक रुक्ष सवय मला जडली. सनईचौघड्यांच्या प्रसंगी ही सवय निरुपयोगी असते हे मी जाणतो; तथापि ज्या वादात दोन्ही बाजूंनी विशेषणांची एवढी उधळण झाली आहे, त्या वादात ती थोडीफार कामी येईल अशी माझी समजूत आहे.

दि. १८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणाची सुनावणी सुरू झाली, ती दहा दिवस चालली, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल जाहीर झाला. विवाह करण्याचा मूलभूत अधिकार राज्यघटनेत नाही, आणि विशेष विवाह अधिनियमात न्यायालयाने आपल्या लेखणीने नवे शब्द घालू नयेत, याविषयी पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विद्यमान कायद्यांच्या चौकटीत पारलिंगी स्त्रीला पुरुषाशी किंवा पारलिंगी पुरुषाला स्त्रीशी विवाह करता येतो, हेही पाचांनी मान्य केले. मतभेद झाला तो पुढे. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांच्या मते समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता देणे आणि त्यांना संयुक्तपणे दत्तक घेण्याची वाट मोकळी करणे शासनावर बंधनकारक होते, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांना ते मान्य झाले नाही, आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो मुद्दा फेटाळला गेला. या जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणी पाहण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे केंद्र सरकारने दिलेले आश्वासन निकालात नमूद झाले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाचे अर्जही फेटाळले गेले.

हा सर्व मजकूर एका परिच्छेदात मावतो, हे आपण पाहिलेच. तरीदेखील आपल्या कोणत्याही नियमित वाचकास त्या निकालात नेमके काय ठरले असे विचारून पाहावे. संस्कृती वाचली किंवा प्रेम हरले यांपैकी एक उत्तर येईल, आणि तीन विरुद्ध दोन हा विभाग कशावरून झाला हे सांगणारा विरळा. मात्र ‘शहरी उच्चभ्रू’ हे शब्द त्याला तोंडपाठ असतील. माझ्या तक्रारीचा आरंभ येथूनच होतो.

सुनावणीच्या तोंडावर केंद्र सरकारने सादर केलेल्या अर्जात, याचिकाकर्त्यांची मागणी ही केवळ शहरी उच्चभ्रू वर्गाची दृष्टी आहे असे प्रतिपादन होते. त्याला पुरावा काय, असा प्रश्न सरन्यायाधीशांनी सुनावणीतच उपस्थित केला, आणि निकालपत्रात, महानगरात राहून इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू नोकरदाराइतकाच शेतात राबणाऱ्या बाईलाही स्वतःला समलैंगिक म्हणविण्याचा हक्क आहे अशा आशयाचे विवेचन त्यांनी केले. एवढेच नव्हे तर मागणी नाकारणाऱ्या न्या. भट यांनीही या एका बाबतीत त्यांच्याशी सहमती नोंदविली. म्हणजे निकालाने ज्या थोड्या गोष्टी निर्विवाद ठरविल्या त्यांत या विशेषणाची वासलात ही एक होती. आपल्या स्तंभांतून मात्र ते विशेषण आजही सुखाने नांदत आहे. ज्यांना प्रत्यक्ष दाखला हवा असेल त्यांनी १९८७ सालाकडे वळून पाहावे. मध्य प्रदेशाच्या सशस्त्र पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी त्या वर्षी परस्परांशी लग्न लावून घेतले, आणि खात्याने त्यांना नोकरीतून कमी केले. शिपाई बाईचा पगार, बराकीतली खोली आणि गेलेली नोकरी यांत उच्चभ्रूपणा शोधणे हे मोठेच संशोधन ठरावे.

परंतु क्षणभर समजा, की मागणी करणारे सर्वच्या सर्व लोक खरोखरीच शहरी आणि सुखवस्तू होते. तेवढ्याने मागणीची योग्यायोग्यता कशी ठरावी? सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढण्यास लागणारा खर्च आणि तेथील ज्येष्ठ वकिलांचे मेहेनताने पाहता, या कसोटीवर त्या न्यायालयातील बहुतेक फिर्यादी दारातूनच परत पाठवाव्या लागतील. हे विशेषण वापरणाऱ्याला मागणीचे उत्तर द्यावे लागत नाही. मागणाऱ्याच्या कपड्यांकडे बोट दाखविले की काम भागते. सरकारी वकिलाने ते वापरावे हे मी समजू शकतो, कारण तो एका पक्षाचा वकील असतो. आपण ते अवतरणचिन्हांवाचून मथळ्यात घेतले, तेव्हा आपण कोणत्या पक्षाचे वकीलपत्र दाखल केले होते?

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे आणि तिचा विवाहाशी संबंध वरवर दिसत नाही. एखाद्या वसतिगृहात, आखाड्यात किंवा शिकवणीत अल्पवयीन मुलावर लैंगिक बळजबरी झाली, की दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘अनैसर्गिक अत्याचार’ असा मथळा ठरलेला असतो. मुलीवर बळजबरी झाली असता ‘नैसर्गिक अत्याचार’ असा मथळा आजवर कोणी दिलेला माझ्या वाचनात नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मध्ये निसर्गक्रमाविरुद्ध संभोग अशी शब्दयोजना होती, पोलीस ठाण्यातील अंमलदार तीच फिर्यादीत उतरवीत, वार्ताहर फिर्यादीवरून बातमी करीत, आणि अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षे तो शब्द ठाण्यातून छापखान्यात बिनदिक्कत ये-जा करीत राहिला. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, त्यात हा शब्द नाही. तो कायदा बालक मुलगा आहे की मुलगी असा भेदच करीत नाही. दि. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. दि. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरले नाही. त्यामुळे सज्ञान पुरुषावर झालेल्या बळजबरीची फिर्याद कोणत्या कलमाखाली नोंदवावी अशी एक वेगळीच पंचाईत होऊन बसली आहे, पण त्या विषयावर आपल्यापैकी किती जणांनी अग्रलेख लिहिले हे मी येथे विचारीत नाही.

कायद्यातून शब्द गेला आणि मथळ्यात राहिला, याचा परिणाम पाहा. ‘अनैसर्गिक अत्याचार’ हा मथळा वाचणाऱ्या आईबापांच्या मनावर ठसते ते असे, की अपराध्याचा गुन्हा हा बळजबरीत नसून दोघेही पुरुष असण्यात आहे. मग तेच आईबाप संध्याकाळी आपल्या वाहिनीवर दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाची चर्चा पाहतात, आणि सकाळच्या बातमीतील नराधम व संध्याकाळच्या चर्चेतील याचिकाकर्ता ही दोन माणसे त्यांच्या मनात एकाच खात्यावर जमा होतात. विवाहाच्या चर्चेत ‘विकृती’ हा शब्द मुद्दाम कोणी उच्चारावा लागत नाही. तो आपण अगोदरच पेरून ठेवलेला असतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून काढले, हे आपल्या आरोग्यविषयक पुरवण्या जाणतात. गुन्हेगारीच्या पानाला अद्याप कोणी कळविलेले दिसत नाही. माझी विनंती साधी आहे. बळजबरीला बळजबरी म्हणावे, आणि पीडित मुलगा होता की मुलगी हे सांगणे आवश्यक असेल तर तेवढेच सांगावे. याला कायदेशीर सल्ला लागत नाही, खर्चही लागत नाही.

‘पाश्चात्य थेर’ या शब्दप्रयोगावर मी आपला फार वेळ घेणार नाही. कलम ३७७ चा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली केला, आणि ज्या परकीय वस्तूचा आपण दीडशे वर्षे प्राणपणाने सांभाळ केला ती हीच, हे इतक्या जणांनी लिहिले आहे की आता त्यात चमत्कृती उरली नाही. तैवानमध्ये मे २०१९ पासून आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून असे विवाह कायदेशीर आहेत, व नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. यांपैकी पश्चिमेस कोणता देश येतो हे भूगोलाच्या शिक्षकांस विचारावे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माझी फिर्याद एकतर्फी नाही. या विवाहांना मान्यता मिळावी असे माझे स्वतःचे मत आहे. ते येथे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच मताच्या माझ्या मित्रांनी विरोधकांसाठी जी विशेषणे चालू केली आहेत, ‘होमोफोबिक’, ‘बुरसटलेले’, ‘मध्ययुगीन’, त्यांचा व्यवहार मला ‘उच्चभ्रू’च्या व्यवहाराहून फारसा निराळा वाटत नाही. पडद्यावरील सहा चौकटींत सहा माणसे बसलेली असतात, त्यांतील एक जण म्हणतो की हा बदल संसदेने करावा, न्यायालयाने करू नये. लगेच दुसरा त्याला मध्ययुगीन ठरवितो, आणि निवेदक महाशय ‘आता वाद रंगला’ अशा समाधानाने जाहिरातींकडे वळतात. वस्तुतः पाच न्यायमूर्तींनी जे एकमताने म्हटले त्याचाच एक भाग तो पहिला गृहस्थ म्हणत होता. त्याचे म्हणणे चुकीचे असू शकेल. ते का चुकीचे, हे ऐकण्याची संधी प्रेक्षकांस मिळावयास हवी होती.

या बाबतीत अमेरिकेचा दाखला उद्बोधक आहे. तेथील ‘विंडसर’ प्रकरण मुळात वारसाकराचे होते. कॅनडात विवाहबद्ध झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांपैकी एक २००९ साली निवर्तली, आणि संघराज्याचा कायदा त्यांना पतिपत्नीच्या नात्याची मान्यता देत नसल्यामुळे मागे राहिलेल्या विंडसरबाईंवर ३,६३,०५३ डॉलरांचा कर बसला. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरविला. तेव्हा विरोधी मत देणारे न्या. स्कालिया यांचा संताप कराच्या मुद्द्यावर नव्हता. बहुमताच्या निकालपत्राने परंपरागत विवाहाचे समर्थन करणाऱ्या सर्वांना मनुष्यजातीचे शत्रू ठरविले, अशी त्यांची तक्रार होती. दोन वर्षांनी, २०१५ च्या ‘ओबर्गफेल’ प्रकरणात, समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य करताना न्या. केनेडी यांनी मुद्दाम नमूद केले की या विवाहांना अयोग्य मानणारे अनेक जण सभ्य आणि प्रामाणिक धार्मिक वा तात्त्विक भूमिकेतून तसे मानतात, आणि त्यांची अवहेलना येथे होत नाही. ज्याच्या हाती निकाल होता, त्याने हरणाऱ्याला नाव ठेवण्याचे टाळले. हे केनेडींनी शिष्टाचार म्हणून केले की मागील खेपेच्या टोमण्यामुळे, हे सांगणे कठीण. कसेही असो, ते योग्य झाले.

येथे एका गैरसमजाचा परिहार केला पाहिजे. दोन्ही बाजूंची विशेषणे सारखीच निंद्य म्हणून दोन्ही बाजू सारख्याच, असा हिशेब मी मांडीत नाही. ‘अनैसर्गिक’ या शब्दामागे १८६२ पासून २०१८ पर्यंत पोलीस, तुरुंग आणि खंडणीखोर उभे होते. ‘बुरसटलेला’ या शब्दाने आजवर कोणाची नोकरी गेल्याचे किंवा कोणाला घराबाहेर काढल्याचे ऐकिवात नाही. एका शब्दाने माणूस गजाआड जात होता, दुसऱ्याने फार तर त्याचा अपमान होतो. परंतु वृत्तपत्राचे काम दोन्ही शब्दांनी सारखेच बिघडते, कारण दोहोंमुळे मुद्दा मागे पडतो आणि माणूस पुढे येतो.

माझ्या कचेरीत मुद्दा आणि माणूस वेगळे ठेवण्याचा हा प्रश्न कायद्यानेच सोडविलेला होता. विशेष विवाह अधिनियमाखाली लग्न करू इच्छिणाऱ्यांनी नोटीस दिली की ती कार्यालयाच्या फलकावर लावावी लागते, आणि तीस दिवसांच्या आत कोणालाही हरकत घेता येते. या तीस दिवसांत माझ्यापुढे जे लोक येत, त्यांत आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नाला विरोध करणारे बाप, चुलते, मामा आणि कधीकधी ज्यांचा मुलामुलींशी काडीचा संबंध नाही असे गावचे स्वयंघोषित कारभारी असत. मुलीने घराण्याला काळिमा फासला, मुलगा फूस लावणारा आहे, ही जात असलीच, ते लोक तसलेच, अशी त्यांची हरकत असे. मी त्यांना बसावयास खुर्ची देई, पाणी देई, आणि सर्व ऐकून घेतल्यावर कलम ४ वाचून दाखवी. दोघांपैकी कोणाचे आधीचे लग्न अस्तित्वात आहे काय. दोघे संमती देण्यास समर्थ आहेत काय. मुलगा एकवीस वर्षांचा व मुलगी अठरा वर्षांची झाली आहे काय. दोघांत निषिद्ध नाते आहे काय. या चारांपैकी एखादी हरकत असेल तर लिहून द्या, मी तीस दिवसांत चौकशी करीन. नसेल तर ही हरकत दाखल करून घेता येत नाही. हरकत गैरवाजवी असून सद्भावनेने घेतलेली नाही असे आढळल्यास एक हजार रुपयांपर्यंत खर्च बसविता येतो, हे कलम ९ मी फार थोड्यांना वाचून दाखविले. बहुतेकांना पहिल्या वाचनानेच घरी जावेसे वाटे. त्यांचा राग त्यामुळे शमत नसे. पण रागाला माझ्या नोंदवहीत रकाना नव्हता.

समलिंगी विवाहाच्या प्रश्नातही दाखल करून घेण्याजोग्या हरकती आहेत, आणि त्या आपल्या वाचकांपर्यंत पोचल्या नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. वर सांगितलेल्या कलम ४ मध्ये पुरुषाचे वय एकवीस आणि स्त्रीचे अठरा आहे. मग लग्न करणाऱ्या दोघीही स्त्रिया असतील तर वय कोणते धरावे? घटस्फोटाची काही कारणे आणि पोटगीची तरतूद त्या कायद्याने केवळ पत्नीस दिली आहे. दोन पतींमध्ये किंवा दोन पत्नींमध्ये तिचा लाभ कोणी घ्यावा? दीडशेहून अधिक तरतुदींवर परिणाम होईल असे केंद्राच्या महान्यायाभिकर्त्यांचे (सॉलिसिटर जनरल) म्हणणे होते. त्यांतील किती खरोखर अडणाऱ्या आणि किती एका परिभाषेच्या कलमाने सुटणाऱ्या? दत्तकासाठी दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट नियमांत आहे. जे विवाहच करू शकत नाहीत त्यांना ती लावणे न्याय्य कसे? माझ्यासारख्या कारकुनी मनाच्या माणसालाही हे प्रश्न नाट्यमय वाटतात. यांतील एकेका प्रश्नावर आठ-आठ दिवस वाद रंगू शकला असता, आणि त्यातून एखादी उपयुक्त सूचनाही निघाली असती.

विशेषणाने मुद्दा झाकला जाण्याचा हा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. विधवाविवाहास १८५६ सालीच कायद्याने मान्यता दिली होती, तरी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. कायदा सदतीस वर्षे जुना होता आणि ‘धर्मबुडवा’ हा शब्द कायद्याला भीक घालीत नव्हता. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. पुढे धोंडोपंतांचेच पुत्र रघुनाथराव यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, ज्यांत समलिंगी संबंधांविषयीही पृच्छा होती, दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक प्रश्नाचे उत्तर केवळ त्या विषयाचे म्हणून अश्लील कसे, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दिलेले उत्तर शास्त्रदृष्ट्या खरे की खोटे, याचा विचार करण्याची गरजच कोणाला पडली नाही, कारण ‘अश्लील’ म्हटल्यावर प्रश्न मिटला होता. पित्याला पुढे १९५८ साली भारतरत्न मिळाले, पुत्राच्या वाट्याला जन्मशताब्दीची भाषणे आली, आणि त्या काळच्या पत्रकारांनी या दोघांविषयी काय काय छापले ते आज ग्रंथालयांतील जुन्या फायलींत कोणालाही पाहता येते. आपल्याही फायली कोणी तरी जपून ठेवीतच असेल.

आणखी एका प्रकारच्या शब्दांविषयी लिहितो, आणि हे माझ्या मित्रांना रुचणार नाही. ‘प्रेमाचा लढा’, ‘प्रेमाचा विजय’, इंद्रधनुष्य आणि अश्रू यांची जी भाषा सहानुभूतीच्या पुरवण्यांतून वाहते, तीही भावनांनी तितकीच चिंब असते आणि मुद्दा तितकाच झाकते. विवाह अधिकारी या नात्याने मी कोणालाही तुमचे परस्परांवर प्रेम आहे काय असे विचारले नाही. फॉर्मात तशी बाब नाही. प्रेम नसताना लग्न करणाऱ्यांची नोंद मी केली, आणि प्रेमाने जन्म काढलेल्या पण नोंद न केलेल्या म्हाताऱ्यांच्या वारसांची भांडणेही पाहिली. शासन विवाहाला प्रेमाचे बक्षीस म्हणून मान्यता देत नाही. रुग्णालयात संमतिपत्रावर सही कोणी करावी, मृतदेह कोणाच्या ताब्यात द्यावा, घर कोणाच्या नावे लागावे, निवृत्तिवेतन कोणास मिळावे, हे ठरविण्याची ती एक सोय आहे. या जोडप्यांना ही सोय नाही म्हणून काय होते, हे एकेक दाखला घेऊन सांगितले, तर प्रेमाच्या कवितेने न हलणारा सातारचा एखादा निवृत्त हेडक्लार्कसुद्धा मान डोलावील, कारण वारसनोंदीचा मनस्ताप त्याने भोगलेला असतो.

असे दाखले द्यावयाचे तर सामग्रीची वाण नाही. मंत्रिमंडळ सचिवांची समिती २०२४ साली नेमली गेली, आणि त्याच वर्षी केंद्राच्या निरनिराळ्या खात्यांनी पत्रके काढली: शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, संयुक्त बँकखाते उघडण्यास व परस्परांना नामनिर्देशित करण्यास कोणताही मज्जाव नाही, आणि निकटचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदारास मृतदेह ताब्यात देण्याविषयी राज्यांनी कार्यवाही करावी. ‘शहरी उच्चभ्रू’ वर्गासाठी शिधापत्रिकेचे पत्रक निघाले, यातील विनोद आपल्या एकाही व्यंगचित्रकाराच्या ध्यानात येऊ नये याचे आश्चर्य वाटते. मुद्दा असा, की ही पत्रके किती रास्त भाव दुकानांत आणि किती बँकशाखांत पोचली, आणि तेथील कारकुनाने ती मानली की धुडकावली, याची बातमी तालुक्याच्या वार्ताहरालाही करता येईल.

शब्दांविषयीची माझी शेवटची विनंती यापेक्षा सोपी आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढील एका प्रकरणातून तामिळनाडू सरकारने २०२२ साली समलिंगी व पारलिंगी समाजांसाठी वापरावयाच्या तमिळ शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली, जेणेकरून वृत्तपत्रांनी अवमानकारक शब्द टाळावेत. मराठीत तशी अधिकृत सूची होईपर्यंत आपण संपादकांनी एकत्र बसून एक करावी. पुण्यामुंबईत या लोकांच्या संस्था कित्येक वर्षे काम करीत आहेत, त्यांना बोलवावे, आणि ज्याला ज्या नावाने ओळखले जावेसे वाटते तेच नाव छापावे. त्यांच्यातही एकमत नसेल. ‘क्विअर’ हा शब्द मे २०२५ मध्ये त्याच मद्रास न्यायालयाच्या एका खंडपीठाला खटकला. ज्याला आपली वृत्ती स्वाभाविक वाटते त्याने विचित्र या अर्थाचे नाव का घ्यावे, असे न्यायमूर्तींनी विचारले. अनेक तरुण मात्र तोच शब्द अभिमानाने मिरवितात. अशा वेळी न्यायमूर्तींचा मान राखूनही, ज्याचे नाव त्याचा शब्द प्रमाण धरावा.

शेवटी एक प्रसंगोपात्त सूचना. पन्नास हजार रुपयांवरची देणगी परक्याकडून आली तर प्राप्तिकर कायदा तिला उत्पन्न मानतो, आणि पतिपत्नींनी एकमेकांस दिली तर तिच्यावर कर नाही. ही सूट आपल्यालाही मिळावी म्हणून एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली असून, ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने भारताच्या महान्यायवादींना नोटीस काढली. हा प्रश्न विंडसरबाईंच्या करासारखाच निव्वळ रुपये-आण्यांचा आहे, त्यात संस्कृती नाही, क्रांती नाही, आणि नवऱ्याबायकोंनी एकमेकांच्या नावे ठेव ठेवलेल्या प्रत्येक घरात तो समजेल. त्या सुनावणीस कराचा कायदा जाणणारा वार्ताहर पाठवावा, आणि त्याची बातमी मनोरंजनाच्या पानावर न टाकता अर्थकारणाच्या पानावर, सोन्याच्या भावाशेजारी घ्यावी.



आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त विवाह अधिकारी
सातारा